म्हातारीचा चढ

आधीच सांगून टाकतो, मला राग लवकर येतो. या गोष्टीत मी तीनदा चिडलोय आणि त्यातल्या एकदाही माझं बरोबर नव्हतं. तरी सांगतोय, कारण दत्तोपंतांबद्दल बोलायचं तर माझा राग वगळून बोलताच येत नाही.

पंचावन्न साल. मी बत्तीस वर्षांचा, कचेरीत रेकॉर्ड सांभाळणारा कारकून, आणि माझा एक नियम होता. सायकलवरून कुणासाठी उतरायचं नाही. आजच्या पोरांना हे सांगून कळायचं नाही. तेव्हा कोल्हापुरात रीतच होती. समोरून गुरुजी आले, सासरे आले, साहेब आले, की सायकलवरून खाली उतरायचं, हात जोडायचे, ते पुढं गेले की परत टांग मारायची. माझे वडील संस्थानच्या नोकरीत होते. त्यांचा निम्मा जन्म उतरण्यात गेला. कुणा मानकऱ्याची मोटार दिसली की हे आपले रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभे, आणि मी पुढच्या दांडीवर. मोटारीची धूळ दोघांच्या तोंडात. संस्थान विलीन झालं त्या दिवशी मी ठरवलं, बास झालं. आता आपला पाय कुणासाठी खाली येणार नाही. त्यावरून कचेरीत मला शिष्ट म्हणायला लागले. म्हणू देत की.

दत्तोपंत बरोबर उलटे. आमचे हेडक्लार्क, वय एक्कावन्न, अंगानं काटकुळे. घरापासून कचेरी जेमतेम दीड मैल, तेवढ्यात हा माणूस सात-आठ वेळा उतरायचा. निवृत्त मुन्सफ दिसले, उतर. मुलीच्या शाळेतल्या बाई दिसल्या, उतर. शेजारच्या बाळाबाई भाजीची पिशवी घेऊन येतायत, उतर. मी म्हणायचो, "दत्तोपंत, तुम्ही सायकल चालवत नाही, फिरायला नेता." ते हसायचे आणि म्हणायचे, "सवय आहे रे. पायच ऐकत नाहीत."

आमच्यातला तिसरा मौलाली. गंगावेशीत त्याचं सायकलचं दुकान, भाड्याच्या बारा सायकली आणि तोंड असं की गिऱ्हाईक हवा भरायला यावं आणि शिव्या खाऊन जावं. माझ्याबरोबर मराठी शाळेत चौथीपर्यंत होता. सायकलीवर त्याचा जीव. वाकडं चाक दिसलं की त्याला जेवण गोड लागायचं नाही.

आमच्या पेठेतली तालीम दरवर्षी संक्रांतीच्या आसपास सायकलची दौड काढायची. कोल्हापूर ते गगनबावडा, चौतीस मैल, सगळा रस्ता मुरमाचा आणि खडीचा. पहिला कोण, शेवटचा कोण, हे कुणी विचारत नव्हतं. दिवस मावळायच्या आत पोचला म्हणजे झालं. पण साळवण सोडलं की पुढं एक चढ लागायचा, दीड मैलाचा, त्याला आम्ही म्हातारीचा चढ म्हणायचो. तो चढ पाय न टेकता जो चढेल त्याचं नाव तालमीच्या आतल्या भिंतीवर रंगवायचे. थेट पैलवानांच्या नावांच्या शेजारी, तेलरंगात. माझं नाव अजून लागलं नव्हतं. मौलालीचं दोन वर्षांपूर्वी लागलं होतं आणि त्यानं ते आम्हाला विसरू दिलं नव्हतं.

दत्तोपंतांना त्या भिंतीवर नाव पाहिजे होतं. मला पाहिजे होतं ते हौसेपोटी, त्यांना पाहिजे होतं ते वेगळं. लहानपणापासून ते त्या तालमीत जायचे, पण कधी कुस्तीच्या हौद्यात उतरले नाहीत. छातीचा आजार होता म्हणे. बाकीची पोरं लढायची आणि हे त्यांचे कपडे सांभाळायचे. मोठेपणी तालमीची पत्रं लिहायला लागले. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळं भिंतीवर कुणाचं नाव लागायचं ते आधी दत्तोपंत कागदावर काढून द्यायचे आणि रंगारी ते बघून रंगवायचा. तीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिली. एकदा मला म्हणाले होते, "एकदा स्वतःचं लिहायचंय, त्र्यंबक. एवढंच."

चार वर्षं त्यांनी चढ करून बघितला होता. चारही वर्षं निम्म्यात पोटऱ्यांना गोळे आले. यंदा गुडघे दुखायला लागले होते आणि त्यांच्या बायकोनं, लीलावहिनींनी, बजावून ठेवलं होतं, हे शेवटचं, पुढच्या वर्षी सायकल काढलीत तर मी माहेरी. त्यामुळं यंदा नाही तर कधीच नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मौलालीनं महिनाभर त्यांच्या जुन्या हंबर सायकलवर काम केलं. मडगार्ड काढलं, घंटी काढली, बेळगावाहून मागच्या चाकाला बावीस दात्यांचं फ्रीव्हील मागवून घातलं, म्हणजे चढाला पायडल हलकं जाईल. दत्तोपंत रोज पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या मारायचे. तिथंही फिरायला आलेल्या म्हाताऱ्यांसाठी उतरायचेच, पण फेऱ्या मारायचे.

निघायच्या दिवशी शनिवारची रजा टाकून आम्ही तिघं गंगावेशीत जमलो. तिथं दुधाच्या कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या, समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात. पैलवान लोक पितात म्हणून सायकलवाल्यांनीही प्यायचं, हे आमच्यात ठरलेलंच. मी दोन पेले मारले. मौलालीनं तीन. दत्तोपंत अर्ध्यावर थांबले आणि शहाणे ठरले, कारण फुलेवाडीच्या पुढं मौलालीला दोनदा उसाच्या फडात जाऊन यावं लागलं.

तालमीचे सगळे मिळून सतरा-अठरा जण होतो. बालिंग्याचा पूल ओलांडला, थंडी होती, नदीवर धुकं होतं. दोन्ही अंगाला ऊस आणि जागोजागी गुऱ्हाळं पेटलेली. वास असा सुटलेला की पोट भरलेलं असून भूक लागावी. खडीवर चाकं उडत होती, हँडल हातातून निसटत होतं, आणि तरी काय बरं वाटत होतं म्हणून सांगू. बायको नाही, साहेब नाही, फायली नाहीत. मौलाली पुढून ओरडून कुणाच्या तरी चेनला नावं ठेवत होता. मी आयुष्यात फार वेळा सुखात होतो असं नाही, पण त्या सकाळी होतो.

कळे गावाच्या अलीकडं मी पहिल्यांदा चिडलो. एक म्हातारी शेणाची पाटी घेऊन रस्त्याच्या मधून चालली होती. आम्ही दोघं बाजूनं गेलो. मागं बघतो तर दत्तोपंत खाली उतरून तिची पाटी डोक्यावर नीट बसवून देतायत. मग तिनं विचारलं कुठलं पावणं, मग ह्यांनी सांगितलं, मग तिची नात कोल्हापुरात दिली होती ते निघालं. दहा मिनिटं गेली. मी म्हणालो, "दत्तोपंत, असंच चाललं तर चढाला पोचायला शिमगा होईल."

"पाटी कलली होती रे," ते म्हणाले.

"इथं उतरलात ते उतरलात, चढाला उतरू नका म्हणजे झालं."

"तिथं कोण भेटणार आहे मला उतरायला?" म्हणाले आणि टांग मारली.

साळवणात भाकरी, पिठलं आणि ठेचा खाल्ला, घटकाभर पडलो आणि बाराच्या सुमारास चढाच्या पायथ्याशी आलो. तालमीचे वस्ताद आधीच एसटीनं येऊन वर माथ्यावर उभे होते. एक माणूस मधल्या वळणावर होता. पायथ्याशी चिमणराव म्हणून एकजण शिट्टी घेऊन. एकेकानं निघायचं, मध्ये पाच मिनिटं सोडायची. आम्हा तिघांत आधी मौलाली गेला. मग माझा नंबर, माझ्यामागं दत्तोपंत.

चढाचं फार सांगत नाही. पहिल्या वळणापर्यंत मी रुबाबात होतो. दुसऱ्या वळणाला दुधाचे दोन्ही पेले गळ्याशी आले. खडी सुटी होती, मागचं चाक जागच्या जागी फिरायचं, आणि सायकल थांबली म्हणजे पाय टेकलाच. मी बसायचं सोडून उभा राहून पायडल मारत होतो आणि मनात कुणाकुणाच्या आयमाय काढत होतो. शेवटचं वळण घेतलं आणि माथा दिसला. वस्तादांचं लाल मुंडासं दिसलं. साधारण चाळीस पावलं राहिली असतील.

तिथं रस्त्याच्या कडेला एका धोंड्यावर म्हातारा बसला होता. शेजारी पाण्याची घागर, पानावर गुळाचे खडे. मला बघून तो गुडघ्यावर हात देऊन उठला, ताठ उभा राहिला आणि हात कपाळाला लावला. तेव्हा मी ओळखला. आकाराम. आमच्या कचेरीतला पट्टेवाला, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. त्याचं गाव इकडं कुठंतरी आहे हे ऐकून होतो. माझ्या टेबलावर त्यानं सात वर्षं पाणी आणून ठेवलं होतं. मी हनुवटी हलवली, तेवढीच, आणि पुढं गेलो. थांबलो असतो तर गेलं असतं सगळं. माथ्यावर पोचलो, पाय टेकला आणि रस्त्यातच आडवा झालो. वस्ताद म्हणाले, "लागलं नाव." मौलालीनं माझ्या पाठीत असा रट्टा घातला की उरलेलं दूधही बाहेर आलं.

मग आम्ही दोघं काठावर येऊन दत्तोपंतांची वाट बघत बसलो.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. मौलाली नखं खात होता. "फ्रीव्हील घसरलं तर मी दुकान बंद करतो," म्हणाला. आणि मग शेवटच्या वळणावर दत्तोपंत दिसले. टोपी कुठंतरी पडलेली, सदरा पाठीला चिकटलेला, तोंड उघडं. पण सायकल चालत होती. हळू, एका पायडलनंतर दुसरं पायडल येईल की नाही अशी, पण चालत होती.  मी मौलालीचा हात धरला होता हे मला नंतर कळलं.

"आलं, आलं बामन," मौलाली पुटपुटत होता. "चाळीस पावलं. ये. ये की."

आणि आकाराम धोंड्यावरून उठला. गुडघ्यावर हात देऊन, तसाच ताठ उभा राहिला आणि हात कपाळाला लावला.

मला त्या क्षणी कळलं काय होणार ते. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज निघायच्या आत दत्तोपंतांनी उजवा पाय मागून फिरवला, कचेरीच्या रस्त्यावर हजार वेळा फिरवतात तसा, आणि खाली उतरले. दोन्ही पाय मुरमावर. सायकल कमरेला टेकवून त्यांनी आकारामला हात जोडले.

मग त्यांनी खाली बघितलं. स्वतःच्या पायांकडं. बराच वेळ बघत होते.

मी उठून पळतच गेलो. दुसऱ्यांदा चिडलो ते इथं. एवढ्या मोठ्या माणसाशी असं बोलू नये तसं बोललो. "दत्तोपंत, काय केलंत हे? चाळीस पावलं. साहेब नव्हता, मुन्सफ नव्हता, पट्टेवाला होता. सीटवर बसून मान हलवली असती तर त्याला पोचली नसती का?"

दत्तोपंतांना दम लागलेला. ते थांबून थांबून बोलत होते. "तो उभा राहिला रे, त्र्यंबक. उभ्या राहिलेल्या माणसापुढनं बसून कसं जायचं?"

"त्याला सवय आहे उभं राहायची."

"सव्वीस वर्षं," ते म्हणाले. "मी दारातून आत गेलो की तो स्टुलावरून उठायचा. दिवसातनं दहा वेळा, ताप असला तरी. मी कधी त्याच्यासाठी उठलो नाही. खुर्चीत असताना उठायचं नसतंच." मग म्हणाले, "विचार करून नाही उतरलो. उतरल्यावर विचार आला."

आकारामला काहीच कळलं नव्हतं. त्याला वाटत होतं सगळे पाव्हणे चढ चढून दमून येणार आणि त्याच्याजवळ थांबून पाणी पिणार. सकाळपासून तो घागर घेऊन बसला होता आणि मौलाली थांबला नाही, मी थांबलो नाही. तो दत्तोपंतांच्या हातात गूळ ठेवत म्हणाला, "रावसाब, तुमी येनार म्हनून कळलतं मला. यष्टीच्या कंडाक्टरनं सांगितलं, कचेरीची मानसं हैत म्हनून." मग माझ्याकडं वळून तांब्या पुढं केला. "ह्ये सायेब मगाशी गेलं की. वळखलं मी. घाईत हुतासा."

ते तो अगदी साधेपणानं म्हणाला. मी पाणी प्यालो. गार होतं, गोड होतं, आणि तांब्या परत देताना मी त्याच्याकडं बघितलं नाही.

माथ्यावर गेल्यावर मी तिसऱ्यांदा चिडलो, वस्तादांवर. म्हटलं, चढ त्यांनी चढलाय, दम होता, पाय थकून टेकला नाही, नमस्काराला टेकला. नाव लावा. वस्ताद सत्तरीचे, त्यांच्यापुढं कुणी आवाज चढवत नव्हतं, मी चढवला. ते शांतपणे म्हणाले, "पोरा, पाठ लागली की कुस्ती गेली. का लागली ते इचारत न्हाईत." दोघं-तिघं माझ्या बाजूनं बोलायला लागले तेवढ्यात दत्तोपंत म्हणाले, "वस्तादांचं बरोबर आहे. पाय टेकला." आणि विषय संपला.

 मौलालीनं हंबर उलटी करून चेन पुसली, मागचं चाक एकदा फिरवून बघितलं. बावीस दात्यांचं फ्रीव्हील सुरेख टकटक करत फिरलं. "सायकलीचं फ्रीव्हील बदलता येतंय," तो म्हणाला. "मानसाला कुटलं घालू?" मग त्यानं सायकल सरळ केली, दत्तोपंतांच्या गुडघ्याला तेल चोळायला बसला आणि वर एक शिवी हासडली, फार प्रेमानं.

गगनबावड्याला धर्मशाळेत उतरलो. संध्याकाळी दत्तोपंतांनी नेहमीप्रमाणं कागद घेतला आणि यंदाच्या नावांची यादी काढायला बसले. पाच नावं होती. माझं तिसरं. मी समोर बसून बघत होतो. त्यांनी 'त्र्यंबक' लिहिताना 'त्र्यं' वर इतका वेळ घालवला की शेवटी मीच म्हणालो, पुरे आता. "थांब," म्हणाले, "भिंतीवर जाणार आहे. नीट दिसायला पाहिजे." पाचवं नाव झाल्यावर कागदावर खाली जागा उरली होती. त्या जागेकडं त्यांनी बघितलं आणि कागदाची घडी घातली.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"वाटतंय की," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू? फार वाटतंय." मग कागद खिशात ठेवत, "पण चढलो की नाही रे? तू बघितलंस ना?"

"बघितलं," मी म्हणालो. "आम्ही दोघांनी बघितलं."

"मग झालं," म्हणाले, आणि त्यांना खरंच झालं असावं, कारण जेवताना चार भाकरी खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी परत येताना उतारावर आमच्या पुढं गेले. आकारामच्या धोंड्याशी मात्र तिघंही उतरलो. त्यानं घरून ओल्या शेंगा भाजून आणल्या होत्या.

सोमवारी सकाळी मी कचेरीला निघालो. अंग ठणकत होतं. बिंदू चौकातून वळलो आणि समोरच्या गल्लीतून दत्तोपंत येताना दिसले. हंबरला मडगार्ड परत लागलेलं, घंटी लागलेली, डोक्यावर नवी टोपी. मी विचार केला असता तर केलं नसतं. पण विचार यायच्या आत माझा उजवा पाय मागून फिरला आणि मी रस्त्यात उभा होतो, सायकल कमरेला टेकवून. सहा वर्षांत पहिल्यांदा.

दत्तोपंत घाबरून उतरले. "काय झालं रे? पंक्चर?"

"व्हय," मी म्हणालो. "पंक्चर."

ते लगबगीनं आले, खाली वाकले, पुढचं चाक अंगठ्यानं दाबलं. टणक होतं. मागचं दाबलं. तेही टणक. कालच मौलालीनं भरलेली हवा. ते तसेच वाकलेले राहिले, चाकावर हात ठेवून, आणि उठले तेव्हा माझ्याकडं न बघता धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायला लागले.

"पंक्चर आहे," ते म्हणाले. "चालतच जावं लागेल."

मग आम्ही दोघं सायकली हातात धरून कचेरीपर्यंत चालत गेलो, आणि पोचायला चांगला वीस मिनिटं उशीर झाला.